मागचं दार

गोष्ट खरी आहे. मी स्वतः त्या खोलीत होतो, आणि पोटभर जेवलो होतो. उपाशीपोटी भास झाला असंही म्हणता येत नाही.

रविवारची दुपार. दादाचं, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचं घर. वहिनी जाऊन वर्ष झालं होतं आणि दादाचं दुसरं लग्न ठरलं होतं. होणारी बायको शाळेत शिकवायची. त्या बाई त्या दिवशी जेवायला आल्या होत्या.

दादाच्या कॉम्प्युटरवरचा माउसचा बाण आठवडाभर आपोआप फिरत होता...

म्हणून दुरुस्तीवाला बोलावला. त्यानं आधी इंटरनेटची वायर उपसली. मग चालू प्रोग्राम तपासता तपासता एकावर बोट ठेवलं.

"ट्रोजन आहे, साहेब. साळसूदपणे आत येतो आणि मागचं दार उघडून ठेवतो. तुमचं सगळं कोणीतरी दुसरीकडे बसून वाचतंय."

"कुठे बसून?" बाईंनी विचारलं.

त्यानं शोधलं. "याच घरात. दुसरा कॉम्प्युटर कुठाय?"

दादाचा चेहरा उतरला.

दुसरा वहिनींचा होता, मीच सांगितलं. त्यात दादानं हाच प्रोग्राम गुपचूप घातला होता. त्यांचे मेसेज वाचायचा आणि जेवताना त्यांच्या आवाजाची नक्कल करून सगळ्यांना ऐकवायचा. वहिनींनी लिहिणंच सोडलं. शेवटचं आजारपणसुद्धा सख्ख्या बहिणीला कळवलं नाही.

मी माळ्यावरून त्या कॉम्प्युटरचं खोकं काढलं. ते वहिनी गेल्यावर दादानं बांधलं होतं. पण चिकटपट्टीचं टोक नीट दुमडलेलं होतं...

ती सवय वहिनींची.

आतल्या कॉम्प्युटरला डिस्क नव्हती. दादानंच ती हातोडीनं फोडली होती.

तरी कॉम्प्युटरचा डबा गरम होता...

"काहीतरीच," दुरुस्तीवाला पुटपुटला आणि भराभर कामाला लागला. दादाच्या मशीनवरचा प्रोग्राम बंद केला. फाइल उडवली. मशीन पुन्हा सुरू करून पुन्हा तपासलं.

"साफ. आता आत कोणी नाही."

इंटरनेटची वायर अजून उपसलेलीच होती.

स्पीकर खरखरला...

"बाई पगारदार आहे. स्वयंपाकही करील. दिसायला बेताचीच, पण मला कुठे प्रदर्शनात मांडायचीय?"

दादानं मित्राला पाठवलेला मेसेज. शब्द दादाचे. ढब थेट दादाची.

नक्कल करणारा आवाज मात्र वहिनींचा.

दादानं स्पीकरची पिन उपटली. आवाजानं पुढचा मेसेज घेतला.

बाईंनी पर्स उचलली. दादा "अहो, ऐका तरी" म्हणत मागे धावला.

"ऐकतेच आहे," त्या दारात थांबून म्हणाल्या. "वाचू द्या त्यांना. बरेच दिवस गप्प होत्या."

लग्न मोडलं. दादा आता कुणालाच काही लिहीत नाही. महिनाभर खोकतोय, तेही मला शेजाऱ्यांकडून कळलं.

स्वतःचा कॉम्प्युटर त्यानं मला दिला. फुकटच्या वस्तूला नाही म्हणायचा माझा स्वभाव नाही. खबरदारी म्हणून रोज कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावून झोपतो.

मी टोक दुमडत नाही.

सकाळी ते दुमडलेलं असतं...