एकतीस नंबरची प्लेट

भुताची गोष्ट म्हटली की तुम्ही रात्र धरूनच चालता. ही रात्रीची नाही. रविवारची सकाळ होती, साडेसात वाजले होते, लख्ख ऊन पडलं होतं. आणि यातला एक शब्दही मी पदरचा घातलेला नाही. ज्यांच्या बाबतीत घडलं ते माझे सासरे, ऑर्व्हल स्टिनेट. थापा मारायला जो उत्साह लागतो, तो त्यांच्यात कधीच नव्हता.

साल १९९५, मार्च महिना. अलाबामातला कूसा रिजचा मोटार शर्यतींचा ट्रॅक.

ऑर्व्हल तिथे तपासनीस होते. रेसच्या दिवशी त्यांचं काम एकच... प्लेटा वाटायच्या.

प्लेट म्हणजे तळहाताएवढा ॲल्युमिनियमचा पत्रा, त्याला चार भोकं. कार्ब्युरेटरखाली बसवला की इंजिनाला हवा कमी मिळते आणि ताकद घटते. गाड्या उडून प्रेक्षकांत पडू नयेत म्हणून वरच्यांनी काढलेला नियम. झालं भलतंच. सगळीच इंजिनं सारखी गुदमरलेली, त्यामुळे कुणालाच पुढे निसटता येईना. ताशी एकशे नव्वद मैलांनी चाळीस गाड्यांचा घोळका, एकमेकींना चिकटून, तीन तास. एक हलली की वीस जातात. ॲक्सिलरेटरवरून पाय उचलायचीही सोय नाही. उचलला की घोळका गेला, तो पुन्हा गाठणं त्या इंजिनाच्या बापाला जमत नाही.

"पूर्वी पोरं वेगानं मरायची, आता गर्दीनं मरतात," ऑर्व्हल म्हणायचे. सात वर्षं हेच बघून ते पार थकले होते.

कुणाला बरी प्लेट, कुणाला वाईट, अशी कुरबुर नको म्हणून सोडत असायची. बेचाळीस गाड्या, थैलीत बेचाळीस प्लेटा. प्रत्येक गाडीचा इंजिनवाला येणार, न बघता हात घालणार, एक काढणार. नंबर वहीत लिहायचा. रेस संपली की प्लेट परत आणून द्यायची. हाताला आली ती आली, बदलून मिळायची नाही.

त्या सकाळी गेलन प्रुइट आला. ऑर्व्हलचा जुना दोस्त, टेटच्या गाडीचा इंजिनवाला.

"काय रे, झोपलास की नाही? थोबाड बघ, कुत्र्यानं चघळलेल्या बुटासारखं झालंय."

"तुझी प्लेट काढ आणि फूट इथून."

गेलनच्या मागे टेट उभा होता. त्याचा पुतण्या, चोवीस वर्षांचा, या ट्रॅकवर पहिल्यांदाच उतरणार होता. टेटचा बाप रॉडी याच ट्रॅकवर गेला. १९८९ साली, तिसऱ्या वळणावर, अशाच घोळक्यात. गाडी जळून खाक झाली. त्याची प्लेट तेवढी परत आली नाही.

नंबर एकतीस.

"काका, चांगली द्या हां!" टेट हसत म्हणाला. ऑर्व्हलनी त्याला मांडीवर खेळवलं होतं. आजचा दिवस हा पोरगा धडपणे घरी जाऊ दे, एवढंच त्यांच्या मनात होतं.

गेलननं थैलीत हात घातला.

आवाज झाला नाही...

बेचाळीस पत्रे, हात फिरला की खळखळ होते. काहीच झालं नाही.

त्यानं प्लेट काढून पुढे केली. ऑर्व्हलनी घेतली आणि त्यांचा हात भाजला. इंजिनातून आत्ताच काढावी तशी तापलेली. कडांना काजळी. कोपऱ्यात ठोकलेला नंबर...

एकतीस.

आदल्या संध्याकाळी त्यांनी स्वतः एकेक नंबर वाचून प्लेटा थैलीत टाकल्या होत्या. एकतीस त्यात नव्हती.

"भोकाची कड खरखरीत आहे," ते म्हणाले. "दुसरी काढ." आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी नियम मोडला. प्लेट शर्टाच्या खिशात टाकली.

गेलन त्यांच्याकडे बघत राहिला. मग त्यानं पुन्हा हात घातला. बराच वेळ चाचपत होता. शेवटी एक काढली.

तापलेली. एकतीस...

ऑर्व्हलनी खिसा दाबून बघितला. खिसा रिकामा होता.

त्यांनी ती प्लेट हिसकावूनच घेतली. स्वतः थैलीत हात घालून पहिली गार लागली ती गेलनच्या हातात कोंबली. "ही घे. जा आता."

एकतीस त्यांनी टेबलावर टोपीखाली झाकली, वर कोपर ठेवलं. सोडत चालू राहिली. कोपराला धग लागत होती.

सगळ्यात शेवटी आला हॉलिस ब्लेव्हिन्स. त्रेपन्न वर्षांचा. गाडी त्याची, इंजिन त्यानंच बांधलेलं, चालवणारही तोच. तिसावा आला तरी त्याला दिवाळी. त्यानं थैली चाचपली.

थैलीत निदान एक तरी उरायला हवी होती... एकही नव्हती.

जादा प्लेटा ट्रकमध्ये कुलपात होत्या. त्या काढायच्या तर साहेबांची सही, वर खुलासा. काय सांगणार? ऑर्व्हल थकले होते. आणि समोर हॉलिस होता. "गेलन असता तर मी ट्रककडे धावत सुटलो असतो..." हे त्यांनी मला स्वतः सांगितलंय.

त्यांनी टोपी उचलली.

"बरी गरम आहे की," हॉलिस म्हणाला. "गारठ्यात हात शेकले." आणि तो गेला.

एकशे चाळिसावी फेरी. घोळका तिसऱ्या वळणाकडे निघालेला. हॉलिस अठराव्या जागी, जन्मात कधी नव्हे एवढा पुढे. टेट त्याच्या दोनच गाड्या पुढे.

आणि हॉलिसचं इंजिन गुदमरलं... चारही भोकांवर कुणी तळहात दाबून धरावा तसं. पाय खाली रुतलेला, गाडी ओढेना. घोळका डोळ्यांदेखत निघून गेला. तो आईबापावरून शिव्या घालत राहिला.

चार सेकंदांनी वळणावर वीस गाड्या एकमेकींवर चढल्या.

हॉलिस खालच्या कडेनं धुरातून अलगद बाहेर आला. बाहेर पडताच इंजिन सुरळीत झालं.

टेट मधोमध सापडला होता.

संध्याकाळी हॉलिस प्लेट परत द्यायला आला. "आईशप्पथ ऑर्व्हल, मी पाय उचलला नव्हता. कुणीतरी मला मागे ओढलं. वाचवलं रे मला!" तो लहान मुलासारखा रडत होता. ऑर्व्हलनी प्लेट घेतली. इंजिनातून काढलेली, तापलेली असायला हवी...

बर्फासारखी गार होती.

त्यांनी ती स्वतःच्या हातानं पेटीत ठेवली. रात्री मोजल्या तेव्हा एकतीस पेटीत नव्हती.

मंगळवारी हॉस्पिटलमध्ये टेटनं प्राण सोडला.

दफन झाल्यावर चर्चच्या हॉलमध्ये गेलन त्यांच्याशेजारी येऊन बसला.

"नंबर मी बघितला होता," गेलन म्हणाला. "तुझ्याआधी. मला वाटलं, रॉडी आला. पोराला जपायला आला. म्हणून तर दुसऱ्यांदा एवढा चाचपत होतो मी... तीच यावी म्हणून." तो थांबला. "तू का काढून घेतलीस रे?"

"मला वाटलं, त्याला न्यायला आलीय."

गेलन उठून गेला. त्यानंतर दोघं कधी बोलले नाहीत.

ऑर्व्हल आता ब्याऐंशीचे आहेत. ते प्लेट कुठून आली हे विचारत नाहीत, रॉडीचं नाव काढत नाहीत. एकच विचारतात, जेवता जेवता मध्येच...

"न्यायला आलीय असंच वाटलं होतं ना मला? मग हॉलिसला कशी दिली मी?"



हॉलिस अजून आहे. दर नाताळला शेंगांचं पोतं पाठवतो, वर चिठ्ठी असते, तुझ्या हातानं वाचलो म्हणून. ऑर्व्हल ते पोतं उघडू देत नाहीत. गेल्या वर्षीचंही तसंच गॅरेजमध्ये पडून आहे.