लोण्याच्या खुर्चीतला

"अहो, ती माझी खुर्ची आहे."

"नाव लिहिलंय का तुमचं?"

"नाव नाही, अक्रोड लिहिलंय. वाचा."

त्यानं मान वळवून पाठीमागचा कागद वाचला आणि कान लाल होईस्तोवर हसला. "मग मी कोण?"

"तुम्ही लोणी," शेजारच्या खुर्चीकडे बोट दाखवत सिस्टर म्हणाल्या. "आणि उपाशीपोटी एवढं बोलू नका, चक्कर येईल."

अशी आमची ओळख झाली. आहारावरच्या अभ्यासासाठी पंधरवड्यातून एकदा आम्ही त्या खोलीत रात्रीपासून उपाशी यायचो. आधी एकदा रक्त. मग न्याहारी. त्याच्या ब्रेडवर लोण्याचा जाड थर, माझ्या वाटीत शिजवलेले ओट्स आणि अक्रोड. त्यानंतर दुपारपर्यंत जागचं हलायचं नाही, अधूनमधून रक्त द्यायचं. खाल्लेली चरबी आणि तिच्याबरोबर फिरणारं कोलेस्टेरॉल कुणाच्या रक्तातून किती लवकर निवळतं, ते डॉक्टरांना बघायचं होतं. काचेपलीकडच्या यंत्रात नळ्या फिरल्या, की लाल रक्त तळाशी बसायचं आणि वर पिवळसर पाणी उरायचं. न्याहारीनंतर ते पाणी गढूळ व्हायचं, दूध सांडल्यासारखं. माझं दुपारपर्यंत बऱ्यापैकी नितळ व्हायचं. त्याचं मात्र रेंगाळायचं.

"बघा, माझं रक्तसुद्धा घरी जायला तयार नाही," तो म्हणायचा.

"तुम्हाला थट्टा सुचते."

"अक्रोडबाई, तुम्ही हसता ना, तेव्हा..."

"तेव्हा काय?"

"काही नाही — सुई टोचली."

मी काही तिथं हौसेनं येत नव्हते. माझा नवरा चाळिशीही न गाठता हृदयविकारानं गेला. कोलेस्टेरॉल वाढलेलं, पथ्य सांगितलेलं होतं. "काही खाल्लं नाही गं," असं तो रोज डोळ्यांत डोळे घालून सांगायचा. तो गेल्यावर गाडीच्या डिकीत चिप्सची पाकिटं सापडली, घड्या घालून नीट ठेवलेली. लेकीच्या रक्तातही तोच वारसा निघाला. तेव्हापासून मी तिच्या ताटावर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवते.

आणि तरीही... एकदा हा लोणीवाला आमच्याबरोबर बागेत आला. लेकीला खांद्यावर घेऊन धावला. ती घरी येऊन "लोणीकाका, लोणीकाका" करत नाचली. आई भाजी निवडता निवडता म्हणाली, "माणूस बरा दिसतोय. किती दिवस एकटीनं गाडा ओढणार आहेस?"  पुढच्या पंधरवड्याला मी निळा ड्रेस घातला, त्याला नवऱ्याचं, डिकीतल्या पाकिटांचं सगळं सांगितलं आणि आमचं 'तुम्ही' कधी 'तू' झालं, ते कळलंच नाही.

मग अभ्यासाची शेवटची सकाळ आली. न्याहारीआधीच्याच त्याच्या नळीत वरचं पाणी गढूळ होतं.

सिस्टरनी नळी उजेडात धरली. "काही खाऊन आलात?"

"शपथ घेऊन सांगतो, घोटभर पाणीसुद्धा नाही."

"मग डॉक्टरांना दाखवावं लागेल. उपाशीपोटी असं दिसणं बरं नव्हे." त्या आत गेल्या.

 पुन्हा? पुन्हा तेच सगळं? लेकीला काय सांगू, हे मी मनात जुळवायलाही लागले होते. तेवढ्यात तो झुकून कानाशी कुजबुजला, "घाबरू नकोस गं. पहाटे लोणी लावून ब्रेड हाणलाय."

"काय?"

"आपल्या दोघांची तुलना करतात ना? एकाची सकाळ बाद झाली, की दोघांनाही परत बोलावतात. तेवढीच तुझ्याबरोबर एक सकाळ जास्त. त्या दिवशी विचारणार होतो... जाऊ दे, आत्ताच विचारतो. लग्न करशील माझ्याशी?"

कॉलेजातल्या मला हे ऐकून पंख फुटले असते. 

"तू शपथ घेतलीस."

"अगं, गंमत केली!"

"पापणीही लवली नाही तुझी."

"मी तो नाहीये."

"माहीत आहे. तू आवडतोस मला. खूप आवडतोस." मी खुर्ची मागे सरकवली. "पण मी इतकं लक्ष ठेवून असते — आणि तुझं खोटं मला ओळखता आलं नाही. उद्या तू घरी येशील, काही खाल्लं नाही म्हणशील, आणि मी तुझे खिसे हुंगत बसेन."

"हुंग की. हवी तर गाडीची चावीही देतो."

"मला तसं जगायचं नाही रे."

तो उठला. काचेपलीकडे जाऊन त्यानं सिस्टरना खरं सांगितलं. त्यांचे हातवारे दिसत होते, शब्द ऐकू येत नव्हते. परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. "सांगितलं," तो म्हणाला. मी मान हलवली.

सिस्टर मागोमाग आल्या, तणतणतच. "झालं! आता दोघांनाही परत यावं लागणार."

"मी येईन," मी म्हणाले. "पण मला दुसऱ्या कुणाबरोबर बसवा, सिस्टर."

तो खाली बघत बाही सरळ करत राहिला. बटण काही लागेना.

घरी लेक खिडकीशी बसून बिस्कीट खात होती. "लोणीकाका कधी येणार?"

"नाही येणार आता."

"का? काय केलं त्यानं?"

मी दमले होते. जे तोंडात आलं ते बोलून गेले. "खाल्लं, आणि नाही म्हणून सांगितलं."

लेकीचं चावणं थांबलं. माझ्याकडे बघत तिनं उष्टं बिस्कीट हळूच बशीत ठेवलं आणि ओठांवरचा चुरा बाहीनं पुसून टाकला.