लताबाईचे गाल

बस इथं, कंदिलाजवळ. भीती वाटली तर माझा हात धर, फक्त माझी म्हातारी बघत नाही ना ते बघून धर. मी झिपरू, तिसरी पास, तीसुद्धा मास्तर मला कंटाळले म्हणून. कानबाईच्या गाण्यांच्या मेळ्यात मी सोंगाड्या. सगळ्या दोंडाईच्याला हसवलंय मी. एवढी एकच गोष्ट सांगताना माझी मान खाली जाते.

ब्याण्णव साल, श्रावणातला कानबाईचा रविवार. नारळाला डोळे आणि नथ लावून घरोघर देवी नटवलेली. सोमवारी सकाळी तिला नदीवर न्यायचं. संध्याकाळी मला म्हातारीचं सोंग घ्यायचं होतं, म्हणून दुपारी कापसाचा व्यापारी बन्सीलाल शेठ याच्या घरी नऊवारी मागायला गेलो. शेठ ओसरीवर घोरत पडलेला. त्याच्या कपाळाला शेंदूर फासून त्याचा देव केला आणि आत हाक दिली.

"आबा, आत या... दार लोटून घ्या," शेठाणी लताबाईचा आवाज आला. मला सगळं गाव आबाच म्हणायचं.

खोलीच्या खिडक्या बंद. पुरणाचा वास, आणि त्याच्या खाली दुसरा एक, ओल्या चामड्यासारखा. लताबाई भिंतीकडं तोंड करून बसलेली.

हिचे गाल गावभर गाजलेले. टायफॉइडनं बसले होते, मागल्या दिवाळीला मुंबईहून आली ती पेढ्यासारखे गुबगुबीत गाल घेऊन. कानबाई नवसाला पावली, असं तिनं सांगितलं. तेव्हापासून बाया दारात यायच्या, तिच्या गालांना हात लावून नवस बोलायच्या.

"हसू नका, आबा." तिनं पदर काढला.

मी हसलो नाही. डावा गाल भाकरीतली वाफ निघून गेल्यासारखा खाली बसलेला. उजवा अजून थोडा तग धरून, त्यामुळं चेहरा एका अंगाला कललेला. नाकापासून ओठापर्यंतची घडी परत आली होती, पहिल्यापेक्षा खोल.

"मुंबईत सुया टोचून गालांत औषध भरून घेतलं होतं," ती म्हणाली. "आता ते उतरत चाललंय."

"मग परत टोचून या. शेठला सांगा, देवीनं बोलावलंय."

"कशाचं असतं ते, मी आधी विचारलंच नाही. मग डॉक्टर म्हणाला... गाईच्या कातडीतून काढतात. त्याच तोंडानं मी देवीला ओवाळते, आबा."

मी मागं वळून दाराची कडी लावली.

"मंजुळाबाई आज पोरीला आणणारे," ती पुढं म्हणाली. मंजुळाबाईची रेशमा, नऊ वर्षांची, खोकून खोकून काडी झालेली. धुळ्याच्या दवाखान्यात न्यायला सांगितलं होतं. लताबाईचे गाल बघून आईनं ते रद्द केलं होतं.

"सांगून टाका तिला."

"उद्या, देवी नदीला जायला उठायच्या आधी सांगते. आजचा दिवस निभवून द्या... तुम्ही सोंगाडे ना?"

दिला निभवून. सोंगाड्याची जुनी युक्ती. तिच्या दोन्ही गालांत आतून कापूस भरला.

दिवेलागणीला मंजुळाबाई आली. "दवाखाना नको, अक्का. तुमना गालले मनी पोरना गाल लावू द्या. कानबाई शे ना."

तोंडात कापूस, लताबाई बोलणार काय? रेशमानं आपलं तापलेलं तोंड तिच्या गालाला लावलं. आधी डावीकडं. मग उजवीकडं. लताबाई माझ्याकडं बघत राहिली, डोळे एवढे मोठे.

परसात जाऊन तिनं कापूस थुंकला. "आबा... ते विरघळलं नाही. ते गेलं... तिकडं."

तिचे दोन्ही गाल दातांना चिकटले होते.

सकाळी देवी पाटावर बसवून दारात आणली. गल्ली बायांनी भरलेली. लताबाईनं सगळ्यांसमोर पदर काढला.

"कानबाईनं नाही, सुईनं भरले होते. मी खोटं बोलले. मंजुळाबाई, पोरीला आजच धुळ्याला ने." कातडीचं मात्र तिच्या तोंडून निघालं नाही.

कोणी रागावलं नाही. मंजुळाबाईनं हळूच पोरीचं तोंड वर केलं. "असं काय बोलता, अक्का? इले देखा तरी."

मान काडीसारखी, गळ्याच्या शिरा दिसणाऱ्या. आणि वर दोन गोल, ताठ, चकाकते गाल.

बायांनी हात जोडले. मागून कोणीतरी पुटपुटलं, "खोटं बोलली म्हणून देवीनं हिचे काढून घेतले." लताबाई पदर शोधत होती, तिच्या हाताला तो सापडेना. तिनं माझ्याकडं बघितलं. मी, सगळ्या गावाला बोलणारा, जमिनीकडं बघत राहिलो.

तेवढ्यात शेजारच्या हिलालची गाय खुंटा उपटून आली. बाया बाजूला झाल्या. ती देवीपाशी थांबली नाही, नैवेद्याकडं वळली नाही. सरळ रेशमापाशी आली आणि तिचा डावा गाल चाटू लागली. मग उजवा. नुकत्या जन्मलेल्या वासराला चाटतात तसा, हळू, घशातल्या घशात हंबरत.

"आता दवाखाना कशाले?" मंजुळाबाईनं रडत रडत जमिनीला डोकं टेकलं. तिच्यामागं गल्लीतल्या बठ्ठ्या, सगळ्याच्या सगळ्या बायांनी टेकलं.

म्हणून पुढचं फक्त लताबाईला आणि मला दिसलं. रेशमाला खोकल्याची मोठी उबळ आली. उबळ ओसरली तशी, डोळे न उघडता, पोर गाईच्या पोटाखाली वाकली... आणि तोंडानं कास शोधू लागली.