इंदूबाईच्या सूर्यचुलीची घोडी

“डोये झाका! झाका म्हन्तो ना!”

शालू वेल्डिंगच्या दुकानाच्या दारात थबकली आणि झाकायचं सोडून डोळे आणखीच मोठे करून त्या निळ्या उजेडाकडे बघत राहिली. उजेड विझला. एक काळवंडलेला हात पुढं आला आणि तिच्या डोळ्यांपुढं काळी काच धरली गेली.

“आता पाहा किती पाह्यचं ते!”

काच बाजूला झाली, तर समोर घामेजलेला मोतीराम मिस्त्री. दिसायला काही राजबिंडा नव्हे... पण हसणं असं, की शालू कामच विसरली.

काम साधं होतं. ती शिकवायची त्या शाळेत प्रदर्शनासाठी आणलेली सूर्यचूल — ऊन एका जागी गोळा करणारी चकचकीत मोठी परात — पाय मोडून पडली होती. मोठ्या बाईंनी ती शालूला देऊन टाकली. आता त्या चुलीला उभं करायला लोखंडी घोडी, म्हणजे पायांचा सांगाडा, हवा होता. आई, इंदूबाई, धुरानं डोळे चोळून चोळून अर्धी झाली होती. घरच्या धाब्यावर, मातीच्या सपाट छतावर, आईची चूल बसल्याशिवाय लग्नाचं बोलायचं नाही, असा शालूचा हट्ट होता.

“भांडं किती उंच ठेवाचं?”

“आई म्हनते, तीन हात.”

घोडी आली, धाब्यावर चढली. इंदूबाईनं टाचा उंचावल्या तरी भांड्याचा काठ डोक्यावरच.

“काहून रे बाप्पा, उंटासाठी केली का?”

मोतीरामनं गोंधळून आपल्या लांबलचक हातानं मापून पाहिलं. बरोबर तीन हात!

“आईचे तीन हात!” शालू हसून हसून खालीच बसली.

“सांगाव तं लागते, बाई.”

“इचाराव तं लागते, मिस्त्री!”

त्यानं सुतळीनं इंदूबाईचा हात मापला. मग शालूकडे बघत विचारलं, “रांधनार कोन? तुमी, का आई?”

“आईच. मी तं... दर्यापूरले जाईन. शेषरावमामानं पोरगा पाह्यला हाये.”

सुतळी त्याच्या हातात तशीच राहिली. “तरी... मापू द्या. सध्या तं तुमीच हा ना.”

कोपरापासून मधल्या बोटापर्यंत सुतळी सरकत गेली. त्यानं हाताला स्पर्शही केला नाही, पण सुतळी निघाल्यावरही शालूनं हात तसाच पुढं धरून ठेवला.

मग दुरुस्तीला दुकानात परत गेलेल्या घोडीचं घोडं पेंड खायला लागलं. कधी वीज नाही, कधी वेल्डिंगच्या कांड्या संपल्या. शालू शाळा सुटली की भांडायला जायची, आणि भांडण चहावर मिटायचं.

“काम झाल्यावर तुमी इकडे काहून यान?” तो एकदा म्हणाला, आणि पुन्हा चहा ओतू लागला...

घाई तिलाही नव्हतीच. पण घरी आली, की आई फुंकणी बाजूला ठेवून पदरानं डोळे पुसत असायची. शालूला स्वतःची लाज वाटली.

“मायचे डोये जळून राह्यले, मोतीराम,” दुसऱ्या दिवशी ती म्हणाली. “उद्या पाह्यजेच.”

त्यानं मान खाली घातली. “उद्या आनतो.”

घोडी आली त्याच दिवशी शेषरावमामाही आले. धाब्याच्या मातीत रुतू नये म्हणून घोडीच्या पायांना रुंद पत्रे लावलेले होते. भांड्याच्या दांड्याला खीळ अडकवायला दोन भोकं. खालच्यात खीळ घातली, तर इंदूबाईच्या हाताला वरणाचं भांडं अगदी नेमकं आलं.

“बसली चूल!” मामा खुशीत म्हणाले. “आता तारीख धरू.”

शालूनं दांड्यावर बोट ठेवलं. “हे वरचं भोक कोनाचं?”

“तुमच्या मापाचं.” मोतीरामची नजर वर होईना.

“मी तं जानार ना...”

“माहीत हाये. तरी केलं. मी मांगच्याच गल्लीत राह्यतो... तुमी मले हो म्हनलं, तं रोज येऊन मायसाठी वरन ठेवता येईन. मले तुमी आवडता, शालू. म्हनून केलं.”

मामा आ वासून बघत राहिले. शालूनं खीळ उपसली, भांडं वर उचललं आणि खीळ वरच्या भोकात घातली.

“मामा, दर्यापूरच्या लोकायले निरोप द्या. मी इथंच रांधीन. या मिस्त्रीच्याच घरची होऊन.”

इंदूबाईनं टाचा उंचावून भांड्यात डोकावायचा प्रयत्न केला.

“ते सारं झालं. पन वरनात मीठ कोन टाकीन? मले तं दिसत नाई.”

शालूनं टाकलं. गडबडीत मोतीरामनंही टाकलं. त्या दुपारचं उन्हात शिजलेलं वरण खारट झालं, पण तोंड वाकडं करत का होईना, मामांनीसुद्धा ते गोड मानून घेतलं.