कूलर बंद ठेवलेली खोली

गळ्यात माळ आहे माझ्या. पदरचं एक अक्षर घातलेलं नाही.

हुडकेश्वरमधलं काकांचं घर. यंदाच्या मे महिन्यातली अठ्ठावीस तारीख. दुपारचे तीन.

रात्र नव्हती. ऊन असं, की रस्त्यावर कुत्रंही नव्हतं.

माझा चुलतभाऊ अमोल संगणकासमोर बसला होता. हे सगळं त्यानंच मला सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्याच्या वडिलांचं, रुपरावकाकांचं वर्षश्राद्ध.

काका कीर्तनकार. कसे, ते ज्यानं ऐकलं त्यालाच विचारा. चिपळ्या हातात घेतल्या की अजून वाजल्याही नसायच्या, आणि बाया डोळ्यांना पदर लावायच्या.

दोन वर्षांपूर्वी गळ्यात गाठ निघाली. धंतोलीचे डॉक्टर म्हणाले, पंधरा दिवसांत स्वरयंत्र काढावं लागेल.

काका म्हणाले, "एक कीर्तन करू दे गा मले. शेवटचं."

अमोलचं कामच आवाजाचं. माणसाची वाक्यं भरून घ्यायची, मशीनला शिकवायची. मग मशीन त्याच माणसाच्या आवाजात हवं ते बोलतं.

"बाबा, गळा जपा," तो म्हणाला. "आधी सहाशे वाक्यं होऊ द्या. मंग कीर्तन."

खोली बंद. रेकॉर्डिंगमध्ये घरघर येते म्हणून कूलरही बंद. भर मे महिन्यात आजारी माणूस घामानं निथळत वाचतोय, "गाडी फलाट क्रमांक दोनवर येत आहे." "कृपया रांगेत उभे राहा."

मधेच म्हणायचे, "कूलर लाव गा थोडा."

आणि रोज उठताना, "झालं का गा? आता कीर्तन?"

अमोलनं ते सगळं कापून टाकलं. मशीनला स्वच्छ वाक्यंच लागतात.

पाचशे ऐंशीव्या वाक्याला आवाज बसला. कीर्तन राहिलं ते राहिलंच. पुढे वर्षभर पाटीवर लिहून बोलले काका... आणि गेले.

आता गोपिकाकाकूंनी एकच मागितलं होतं. "उद्या त्यायच्या आवाजात एक वाक्य ऐकव, बाबू. मंग मले काही नको."

पण आवाज ठेचकाळत येत होता. दगडांवरून बैलगाडी जावी तसा.

चूक अमोलला सापडली. मशीन आवाजाचे बारीक कण करून शिकतं. प्रत्येक कणाचं मागच्या-पुढच्याशी नातं काय, हे सांगणाऱ्या छोट्या फायली असतात. त्यांना विंडो म्हणतात. एकेकीत जेमतेम तीन-चार आकडे. घाईत अमोलनं फक्त 'आत्ताच्या' कणाची विंडो दिली होती. मागची-पुढची दिलीच नव्हती.

त्यानं आकडे भरले. मशीनला पुन्हा शिकवलं. तीन वाजता काम संपलं.

वाक्य टाकलं. "गोपिका, मी बरा आहे."

ऐकायला नीट यावं म्हणून कूलर बंद केला.

काकांचा आवाज आला. सलग. अगदी जिवंत.

अमोलला हुंदका आला.

मग त्याचं लक्ष गेलं... वाक्य तीन सेकंदांचं. फाईल अकरा सेकंदांची.

पुढे शांतता.

मग... एक श्वास.

"झालं का गा? आता कीर्तन?"

त्यानं नव्यानं दिलेल्या विंडो काढून टाकल्या. फाईल तीन सेकंदांची. परत दिल्या. अकरा.

वाक्य बदललं. तरी शेवटी तेच.

जे कापलं होतं, ते मशीनला कधी ऐकवलंच नव्हतं.

दारात काकू उभ्या होत्या. किती वेळ, कोण जाणे.

"करू दे न त्यायले कीर्तन."

"आई, हे मशीन आहे. मले भेव वाटून राहिलं."

"फलाटाचे वाक्यं वाचाले लावले तवा नाही वाटलं भेव? आता काहून?"

अमोलनं एकच शब्द टाकला. 'कीर्तन.'

फाईल तयार झाली... एक तास बावन्न मिनिटांची.

सुरू केली. गाणं नव्हतं. बोलही नव्हते.

फक्त श्वास.

गाणारा ओळ उचलण्याआधी घेतो, तसा भरून घेतलेला श्वास. मग ओळीएवढी शांतता. पुन्हा श्वास. पुन्हा शांतता.

गाणं मशीनला शिकवलंच नव्हतं.

काकू हात जोडून बसल्या. अमोल भिंतीला टेकला होता. कूलर लावायचंही सुचलं नाही त्याला.

त्रेपन्नाव्या मिनिटाला सगळं थांबलं. स्क्रीनवरचे आकडेसुद्धा.

कीर्तनात पूर्वरंग संपला की यजमान बुवांना हार घालतो, बुक्का लावतो. त्याशिवाय बुवा उत्तररंग सुरू करत नाहीत. वर्षानुवर्षं हे बघितलेलं घर ते.

काकू उठल्या. उद्यासाठी आणलेला हार स्पीकरला घातला. बोटभर बुक्का लावला.

आकडे हलले.

श्वास पुन्हा सुरू झाला... शेवटच्या मिनिटापर्यंत.

आणि अगदी शेवटी, दमलेल्या आवाजात, "कूलर लाव गा थोडा."

अमोलनं त्याच दिवशी सगळं पुसून टाकलं. त्या आवाजाच्या कामालाही तो परत गेला नाही.

परवा, डिसेंबरच्या थंडीत, मी त्यांच्याकडे उतरलो होतो. माणसं रजई पांघरून बसलेली. आणि त्या खोलीत कूलर चालू.

मी बटणाकडे हात नेला.

काकूंनी मनगट धरलं.

"राहू दे गा. त्यायले लय गरम होते तिथं."

मी हात मागे घेतला. कूलर घरघरत होता.

त्या घरघरीखाली दुसरं काही ऐकू येतंय का, हे मी मुद्दाम ऐकलं नाही.