मनी नावाची गाडी

दुधी रंगाची ती जुनी फियाट धरणगावच्या रस्त्यावर मोठ्या रुबाबात चालली होती… फक्त तिला मागून एक तरुण ढकलत होता! स्टीअरिंगवर पांढरी टोपी घातलेले एक आजोबा होते, आणि वळण आलं की ते आपणच गाडी पळवत असल्याच्या थाटात हात बाहेर काढून खूण करत होते.

वृषालीनं हसू दाबत स्कूटी थांबवली. "बिघडली का हो?"

"बिघडायला काय झालंय तिला!" तरुण धापा टाकत म्हणाला. "पेट्रोल संपलंय. काटा कधीचाच बंद आहे, आम्ही टाकीत काडी घालून बघतो. आज आबांनी काडी तिरकी घातली."

"काडी सरळच व्हती!" आतून आवाज आला.

ज्या वर्षी पेट्रोलनं शंभरी ओलांडली, त्या वर्षीची ही गोष्ट. पंपावर बाटलीत पेट्रोल मिळत नव्हतं आणि पंप होता चार किलोमीटरवर. "माझ्या स्कूटीतलं काढा ना थोडं," वृषाली म्हणाली. तरुणानं डिकीतून रबरी नळी आणि बाटली काढली, नळीचं एक टोक स्कूटीच्या टाकीत सोडलं आणि दुसरं तोंडात धरायला म्हणून त्यानं मास्क खाली ओढला.

माणसं तेव्हा अर्धीच दिसायची. डोळे तर तिला केव्हाच आवडले होते, पण उरलेलं अर्धं पाहून वृषाली उगाचच हेल्मेटचा पट्टा काढू-लावू लागली. एवढ्यात पेट्रोल आलं ते थेट त्याच्या तोंडात.

"थुंकू नका हं!" ती म्हणाली. "महागाचा घोट आहे."

"मग काय… गिळू?" डोळ्यांत पाणी आणून तो म्हणाला, आणि दोघंही खळखळून हसली.

वृषाली मूळची साताऱ्याची. जळगावच्या एका दैनिकात लागून तिला जेमतेम तीन आठवडे झाले होते. 'दरवाढीवर काहीतरी वेगळं आण' असं संपादकांनी सकाळीच बजावलं होतं, आणि हे वेगळं तर रस्त्यातच उभं होतं. तिनं वही काढली. तरुणाचं नाव प्रशील बिऱ्हाडे, धुळ्याच्या एका तंत्रशाळेत शिक्षक, सुट्टीपुरता धरणगावला घरी येणारा. त्याच्या या आजोबांचं, आबांचं, नाव आधार. वरणगावच्या फॅक्टरीत त्यांनी उभी हयात काढली होती आणि बदली होऊन चाललेल्या एका साहेबांकडून ही गाडी घेतली होती. पूर्वी ती दर आठवड्याला जामनेरला लेकीकडे जायची. आता लिटरला दहा किलोमीटर चालणारी गाडी जामनेरचं नाव काढलं की दारातच बसायची.

"फार जीव दिसतो तुमचा हिच्यावर," वृषाली म्हणाली.

आबांनी बॉनेटवर पंजा ठेवला. "हाई मनी शे. बठ्ठा गावले माहीत शे."

वृषालीनं वहीत लिहिलं, गाडीचं नाव – मनी.

बातमी छान चौकटीत आली. 'पेट्रोल भडकले, मनी थबकली!' दुपारी प्रशीलचा फोन आला, पण बराच वेळ पलीकडून नुसतं हसूच ऐकू येत होतं.

"मॅडम, आमच्या गाडीचं बारसं केलंत तुम्ही."

"म्हणजे? आबाच म्हणाले की, मनी शे!"

"अहो, अहिराणीत मनी म्हणजे माझी. 'ही माझी आहे, सगळ्या गावाला माहीत आहे' असं म्हणत होते ते!"

वृषालीनं कपाळाला हात लावला. पहिलीच मोठी बातमी आणि त्यात असा घोळ! "मी उद्याच दुरुस्ती छापते."

"खबरदार," प्रशील म्हणाला. "आबांनी सात अंक विकत घेतलेत. आख्खी गल्ली तिची आली-गेली विचारतेय, मनी ऊनी का, मनी गई का. आता तीच मनी. तुम्ही रविवारी या… म्हणजे, बातमीचा पाठपुरावा म्हणून."

पाठपुरावा! वर्तमानपत्रात इतका सोयीचा शब्द दुसरा नसावा. उभी राहून गाडी खराब होते म्हणून रविवारी तिला फिरवावंच लागे, आणि पाठपुरावा करावाच लागतो म्हणून वृषाली शेजारी बसे. पहिल्या रविवारी ती दोघं अमळनेरपर्यंत गेली. मग भाव चढले, तशी जवळच्या एरंडोलवर आली. मग आणखी चढले, आणि गाडी गावाबाहेरच्या रेल्वे फाटकापर्यंत जाऊन परत फिरू लागली. पंपावरचा आकडा बदलला की वृषाली तो हळूच वहीत टिपून ठेवी. सगळा जिल्हा महागाईच्या नावानं बोटं मोडत होता आणि ही वेडी आपले किलोमीटर मोजत होती.

पेट्रोल वाचवायला प्रशील उतारावर इंजिन बंद करायचा. मग नुसता टायरचा आवाज, दोन्ही बाजूंना फुटलेला कापूस, आणि आत ती दोघं. बोलायचं ते तिथंच बोलता आलं असतं. प्रशील श्वास घ्यायचा, "वृषाली, तुम्हाला…" म्हणायचा, ती मान वळवायची…

"…खिडकी लावू का? धूळ येतेय."

आणि उतार संपायचा.

चार महिने असेच गेले. त्या पाठपुराव्याची एक ओळही छापून आली नाही.

मग एका रविवारी प्रशील नेहमीसारखा हसला नाही. "तुमची बातमी इंदूरच्या एका माणसानं वाचली. जुन्या गाड्या जमवतो तो. मंगळवारी न्यायला येतोय."

वृषाली त्याच्याकडे वळली. "आबा… तयार झाले?"

"तेच म्हणाले, देऊन टाकू. पेट्रोल परवडत नाही म्हणाले."

आपल्याच बातमीनं आपली गाडी नेली! हो, आपली. तिच्या मनात तो शब्द आला आणि तिचे कान तापले. फाटक बंद होतं. प्रशीलनं इंजिन बंद केलं. समोरून मालगाडीचे डबे जात राहिले. हे संपायच्या आत त्यानं काहीतरी बोलावं, एवढंच तिला हवं होतं. गाडी गेली की रविवार गेला, आणि रविवार गेला की हा माणूस गेला.

"मग आता रविवारी काय करणार तुम्ही?" शेवटी तिनंच विचारलं.

प्रशील स्टीअरिंगवरची न दिसणारी धूळ पुसत राहिला. "आबांना भेटून लगेच परत. नाहीतर धुळ्यालाच राहीन."

"अस्सं." वृषालीनं मांडीवरची वही मिटली. "मग पाठपुरावा संपला म्हणायचा."

"…हो."

परत आल्यावर तिनं आबांना वाकून नमस्कार केला, गाडीच्या काचेवरून हात फिरवला आणि प्रशीलकडे न बघता स्कूटी सुरू केली. रस्ताभर ती त्याला मनातल्या मनात शिव्या घालत होती. इतका राग कुणाचा येतो, हे न कळायला ती काही लहान नव्हती.

बुधवारी दुपारी कार्यालयातला शिपाई म्हणाला, "खाली कुणीतरी आलंय."

प्रशील कार्यालयाच्या फाटकाशी उभा होता. शर्टाची घडी मोडलेली, केसांवर धरणगाव ते जळगावची सगळी धूळ. एसटीत तासभर उभा राहून आला असावा.

"आज बुधवार आहे," वृषाली कोरडेपणानं म्हणाली. "शाळा नाही का?"

"रजा टाकली." मग तो एका दमात म्हणाला, "काल गाडी गेली. आबा रडलेसुद्धा नाहीत. मीच रडलो. मी म्हटलं, आबा, पेट्रोल महागलं नसतं तर… तेव्हा ते माझ्यावर खेकसले."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, पेट्रोल महाग शे म्हनीसन नही इकी मी. तू तिना मांगे दपस, म्हनीसन इकी टाकी."

"म्हणजे?" या वेळी मात्र तिला नीट समजून घ्यायचं होतं.

"म्हणजे… पेट्रोल महाग आहे म्हणून नाही विकली. मी तिच्यामागे लपतो, म्हणून विकली."

वृषालीच्या डोळ्यांपुढे बॉनेटवर पंजा ठेवून उभे असलेले आबा आले. एवढी जिवाची गाडी, आणि नातवाचं तोंड उघडावं म्हणून म्हाताऱ्यानं ती देऊन टाकली! तिला हसू आलं आणि डोळेही भरून आले.

"मग आता कशामागे लपणार?" तिनं हळूच विचारलं.

"काही उरलंच नाही." प्रशीलनं मास्क काढून खिशात कोंबला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "वृषाली, मला तुम्ही आवडता. खूप. पहिल्या दिवसापासून. मी… गाडीबद्दल नाही बोलत आहे."

"तेवढं कळतं मला."

"मग? तुम्हाला काय वाटतं?"

ती दोन पावलं पुढं आली. त्याच्या शर्टाच्या मोडलेल्या कॉलरची घडी तिनं नीट बसवली, आणि हात तिथंच राहू दिला.

"सांगते," ती म्हणाली. "पण आधी ते 'तुम्ही' विकून टाक."