पेन्सिल कुणाच्या हातात

पिशवी ढवळून ढवळून शेवटी टेसाच्या हाताला लागला तो एक जांभळा मेणखडू. अर्धवट चावलेला.

बाहेर सरोवरावरून तिरपा पाऊस येत होता. तिच्या केसांतलं पाणी वहीवर ठिबकत होतं, आणि कॉलेजच्या गणित-मदतीच्या खोलीत समोर शिकवायला बसलेला लांब बोटांचा मुलगा तिच्याकडे – नाही, खडूकडे – बघत होता.

"दातांचे ठसे तुझेच का?"

"माझ्या मुलीचे. तीन वर्षांची आहे. पेन्सिल असली तर दे, नाहीतर राहू दे."

त्यानं पिवळी पेन्सिल पुढे केली. शर्टावरच्या पट्टीवर नाव होतं, एमेट. टेसानं वही त्याच्याकडे सरकवली आणि पेन्सिलही परत त्याच्याच पुढे धरली. "हे करून दाखव."

त्यानं चक्क दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

"पेन्सिल शिकणाऱ्याच्याच हातात राहते. इथला नियम आहे."

"मग तू इथे काय शोभेला बसलायस?"

"शोभतो का पण?"

टेसाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पहाटेपासून बेकरीत पाव भाजून ती काही थट्टा ऐकायला आली नव्हती. तिला पूल बांधायचे होते. त्यासाठी जानेवारीत कॅल्क्युलसच्या वर्गात बसायला हवं होतं, आणि त्याआधीच्या प्रीकॅल्क्युलसला निदान 'सी' श्रेणी मिळाल्याशिवाय त्या वर्गाचं दार उघडत नव्हतं. एकदा ती आपटली होती. आता दुसरी वेळ. तिसरी मिळणार नाही, असं सल्लागार बाईंनी अगदी गोड आवाजात सांगितलं होतं.

दात-ओठ खात तिनं पेन्सिल चालवली. एक्स अधिक सहा, त्या सगळ्याचं वर्गमूळ, बरोबर एक्स. दोन्ही बाजूंचा वर्ग केला. उत्तरं आली दोन: तीन आणि उणे दोन.

"दोन्ही खरी?" एमेटनं विचारलं.

"गणितातूनच आलीत. मी घरून नाही आणली."

"मूळ समीकरणात घालून बघ."

तीन चपखल बसला. उणे दोन काही केल्या बसेना.

"वर्ग केला की न बोलावलेले पाहुणेही आत शिरतात," तो म्हणाला. "तिथे सगळेच बरे दिसतात. खरं कोण, ते मूळ समीकरणच सांगतं."

"हे आधी सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं असतं, तर उद्या विसरली असतीस."

ते खरं होतं. म्हणून तर जास्त राग आला.

तरी ती दर आठवड्याला येत राहिली. वैतागत, कुरकुरत, आणि… केस विंचरून. तो कधी 'तुझी मुलगी' म्हणत नसे, 'ओपल' म्हणे, हे तिच्या लक्षात आलं होतं. मांड्यांखालचे त्याचे हात अधूनमधून पेन्सिलीकडे निघत आणि अर्ध्या वाटेवरून परतत, हेही.

मग डिसेंबर आला, परीक्षा आठवड्यावर आली, आणि एमेटच्या खुर्चीत ग्वेन नावाची आजीबाई विणकाम करत बसलेली दिसली.

"ये गं बाळा. एमेटनं तुला माझ्याकडे दिलंय."

"दिलंय? त्यानं स्वतःहून?"

"स्वतःहून."

टेसा तशीच बाहेर पडली. तो सापडला गाड्यांच्या आवारात. एका काचेवरचा बर्फ खरवडत होता. काच तिच्याच गाडीची होती, पण तेवढ्यानं विरघळणारी ती नव्हती.

"ऐन परीक्षेच्या तोंडावर मला दुसऱ्याच्या गळ्यात बांधलंस. इतकी मठ्ठ वाटले?"

"मठ्ठ? तू?" तो खरवडायचा थांबला. "आणखी एक नियम आहे इथे. जिला शिकवतो, तिला… कॉफीला विचारायचं नाही."

हिमाचे कण दोघांच्या मधून सावकाश उतरत राहिले. टेसाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. राग मात्र हलेना.

"म्हणजे मला कोणी शिकवायचं तेही तूच ठरवलंस आणि माझी कॉफीही. आणि म्हणे, पेन्सिल शिकणाऱ्याच्या हातात."

तो ओशाळला. "चुकलं. आधी विचारायला हवं होतं. आता विचारतो. तू म्हणशील तर उद्या परत खुर्चीत बसतो. मग कॉफीचं विचारणार नाही."

तिनं त्याच्याकडे निरखून पाहिलं. आज तो थट्टा करत नव्हता.

"ग्वेनच राहू दे," ती म्हणाली. "आणि परीक्षेपर्यंत तोंड दाखवू नकोस. निकालाच्या संध्याकाळी आम्ही मायलेकी कोपऱ्यावरच्या हॉटेलात सूप प्यायला जाणार आहोत, तिथे ये. ओपल केकाटते, मटार शेजाऱ्याच्या वाटीत फेकते. दुरून सगळेच बरे दिसतात, एमेट. मला तुला मूळ समीकरणात घालून बघायचंय."

"आणि उणे दोन निघालो तर?"

"तर खोडून टाकीन."

निकाल लागला. 'बी'.

"एका उणे चिन्हापायी 'ए' गेला," सूप येईपर्यंत टेसा धुसफुसत होती. "एका चिन्हापायी. आहे का न्याय?"

एमेटच्या वाटीत सात-आठ मटार येऊन पडले होते. तो ते मुकाट्यानं खात होता. ओपलनं त्याला नीट न्याहाळलं, आणि मग जांभळा खडू त्याच्यापुढे धरला. "पूल काढ."

सवयीनं त्याचे हात मांड्यांखाली गेले. त्यानं टेसाकडे पाहिलं.

"धर," ती म्हणाली. "खडूला नियम नाही."

त्यानं कागदी रुमालावर पूल काढला. दोन वाकडे खांब, आणि मधे पोट सुटलेली कमान.

"हा पूल? यावरून मांजर तरी जाईल का?" टेसा उसळली. "आण इकडे."

खडू तिनं काढून घेतला. त्याचा हात मात्र सोडायचा राहून गेला.